किनोआ: मोजक्या पाण्यात की भरपूर पाण्यात?

किनोआ म्हणजे राजगिऱ्यासारखं बारीक दाण्यांचं धान्य. शिजवायची पद्धत कुठलीही असो, धुण्यातून सुटका नाही. दाण्यांवरच्या सॅपोनिन या फेसाळणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे कडवटपणा येतो, म्हणून बारीक जाळीच्या गाळणीत फेस जाईपर्यंत चोळून धुवायचा. पाकिटावर ‘धुतलेला’ असं लिहिलेलं असलं तरी मी एकदा धुऊन घेतेच.

मोजक्या पाण्यात चव जास्त मुरते. निथळलेला किनोआ चमचाभर तेलावर खमंग वास सुटेपर्यंत परतायचा, मग वाटीभर किनोआला पावणेदोन वाट्या गरम पाणी आणि मीठ. झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं, गॅस बंद करून आणखी १० मिनिटं तसाच. झाकण उघडून सारखं ढवळायचं नाही! दुप्पट पाणी घातलं तर बरेचदा गिचका होतो. पाण्याऐवजी स्टॉक (भाज्या किंवा चिकन उकळून गाळलेलं पाणी) घालायचा असेल तर तो इथेच, कारण सगळा दाण्यातच जिरतो.

भरपूर पाण्यात उकळून गाळायचं तर मोजमाप नको, उरलासुरला कडवटपणाही निघून जातो. चवही थोडी जातेच म्हणा. दाण्याची पांढरी शेपटी सुटलेली दिसली की लगेच गाळा आणि रिकाम्या गरम पातेल्यात झाकून ठेवा, नाहीतर पाणचट लागतो.

सॅलडसाठी ही दुसरी पद्धत चालेल. गरमागरम खायचा असेल तर मी पहिलीच निवडेन.