इगतपुरी, धरमशाला की मुंडगोड? गोव्यातून निघणाऱ्यांसाठी

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला की फोंडा-डिचोलीकडच्या ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. कुठेतरी शांत जाऊन बसायचंय, ध्यान शिकायचंय, बुद्धाबद्दल नीट समजून घ्यायचंय, तर कुठे जाऊ? विचारणाऱ्याच्या मनात ह्या तिन्ही गोष्टी एकच असतात. ठिकाणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि भलत्या ठिकाणी गेलेला माणूस ध्यानालाच नावं ठेवत परततो.

आधी इगतपुरी, कारण बहुतेकांच्या डोक्यात तीच असते. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना इथे शिकवू लागले. धम्मगिरी हे त्यांचं मुख्य केंद्र. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी पोचावं लागतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी, म्हणजे रजा बारा दिवसांची हवी, प्रवास वेगळा. पहाटे ४ ला घंटा होते. पहिले तीन दिवस एकच काम: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना तटस्थपणे पाहायच्या. तिथून पुढे रोज तीन वेळा तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. गुडघ्यातली कळ विसाव्या मिनिटाला सुरू होते आणि चाळिसाव्याला ती सोडून दुसरं काही उरत नाही. त्या कळेकडे न चिडता पाहणं हाच तिथला अभ्यास. फोन नाही, पुस्तक नाही, वही नाही, दहाव्या दिवसापर्यंत बोलणं नाही. बारा दिवस नुस्तं (म्हणजे मासळी) नाही आणि रात्रीचं जेवणही नाही. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा आणि थोडं फळ-फराळ मिळतो.

पैसे मात्र एक रुपयाही लागत नाही. राहणं-जेवण आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतं, आणि तुमचं दानही शिबिर पुरं झाल्यावरच घेतात. सूचना आणि प्रवचनं हिंदीत असल्यामुळे आपल्या आई-मावशीलाही अडचण येत नाही. पण इगतपुरी ही विश्रांती नव्हे, कष्टाचं काम आहे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, झोप उडाली असेल, मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर पहिली पायरी ही नको. अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. मधूनच निघून येण्यासाठीही ही जागा नाही.

धरमशालेची गोष्ट वेगळी. मॅक्लिओडगंजच्या वर धरमकोटला तुषिता ध्यान केंद्र आहे, लामा थुब्तेन येशे यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं. तिथे बौद्ध धर्माची ओळख करून देणारी, साधारण दहा दिवसांची निवासी शिबिरं होतात. मौन तिथेही असतं, पण चर्चेचा तास असतो, प्रश्न विचारता येतात, करुणा, शून्यता, कर्म हे विषय वर्गात बसवून शिकवतात. ज्यांना ‘का?’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना मी डोळे मिटून इथेच पाठवते. शिकवणं इंग्रजीत, राहण्याचं शुल्क द्यावं लागतं, गोव्याहून प्रवास लांबचा, आणि ऐन थंडीत केंद्र बंद असतं. म्हणजे नाताळची सुट्टी धरून बेत आखत असाल तर तो बसणार नाही. त्या दिवसांत जायचंच तर बोधगया. तिचा हंगामच थंडीचा आहे. महाबोधी मंदिराच्या आवारात देशोदेशीचे भिक्षू तेव्हा पठणाला बसलेले असतात. गर्दी मात्र खूप, एकांत कमी.

आणि मुंडगोड. दूधसागरच्या घाटातून हुबळीला जाणारी गाडी आपण इतकी वापरतो, पण हुबळीहून तास-दीड तासावर तिबेटी वसाहत आहे, डेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ तिथे पुन्हा उभे राहिलेत, हे फारच थोड्यांना ठाऊक. परदेशी पाहुण्यांना खास परवाना लागतो, आपल्याला नाही. मठाच्या अंगणात वादविवाद चालतो तो एकदा तरी बघावा. उत्तर देणारा भिक्षू जमिनीवर बसलेला, विचारणारा उभा. प्रश्न संपता संपता विचारणारा पाय आपटून तळहातावर तळहात मारतो, टाळी फुटते, आणि बसलेल्याला तत्काळ उत्तर द्यावं लागतं. गेशे ही मठातल्या विद्वत्तेची पदवी मिळवायला अशी पंधरा-वीस वर्षं घासावी लागतात. गृहस्थासाठी तिथे तयार शिबिर नाही, त्यामुळे ‘ध्यान शिकायला’ म्हणून जाल तर हात हलवत याल. पण दोनच दिवस हाताशी असतील आणि बौद्ध विद्या जिवंत कशी असते ते पाहायचं असेल, तर गोव्याच्या माणसाला याहून जवळची जागा नाही.

राहता राहिलं आपलंच मांद्रे-हरमल. ऑक्टोबर ते मार्च योगशिबिरांची रेलचेल असते. दर बहुतेक पर्यटकांच्या खिशाचे, आणि बौद्ध शिक्षण क्वचितच. शरीर थकलंय, झोप हवीय, समुद्र हवाय, तर खुशाल जा. तीही खरी गरज आहे. फक्त धम्म शिकायला म्हणून तिथे पैसे भरू नका.

मला विचाराल तर तब्येत धड असलेल्या, बारा दिवस मोकळे काढू शकणाऱ्या माणसाने इगतपुरीपासून सुरुवात करावी. वाचनाची ओढ असलेल्याने धरमशालेपासून. दोघांनीही जागा महिना-दोन महिने आधी धरावी, सुट्ट्यांच्या काळात त्याहून आधी. शिबिर सुटल्यावर कल्याणला येऊन त्याच रात्रीची कोकण रेल्वे पकडून सकाळी ऑफिसात हजर, असं तिकीट काढू नका. मधे घरचे दोन दिवस ठेवा, आणि त्या दोन दिवसांत पाहुणे बोलावू नका.