घरी गाडी रंगवण्यासाठी स्प्रे गन: आधी कॉम्प्रेसर बघा, मग गन

स्प्रे गन घ्यायला निघालेला माणूस आधी ब्रँड बघतो, मग नोझल, मग किंमत. कॉम्प्रेसर आठवतो तो गन घरी आल्यावर. हा क्रम उलटा हवा. रंगाचा बारीक फवारा हवेमुळे होतो, आणि हवा कमी पडली की जगातली सगळ्यात महाग गनसुद्धा पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर सोडते. त्यामुळे इथे प्रत्येक गन एकाच कसोटीवर तपासली आहे: सिंगल फेज वीज, दोन एचपीचा एका पिस्टनचा कॉम्प्रेसर आणि ५० लिटरची टाकी. घरी काम करणाऱ्याकडे बहुधा एवढंच असतं.

अशा कॉम्प्रेसरवर आठ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलेलं असतं. तो पिस्टनच्या आकारमानाचा हिशेब असतो. प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा त्याच्या साधारण ६५ टक्के, म्हणजे मिनिटाला १५० लिटरच्या आसपास धरावी. मोटर ८ बारला बंद होते आणि दाब साडेपाचवर आला की पुन्हा सुरू होते. टाकीत साडेतीन बार उरेपर्यंत गनला नीट हवा मिळते, त्याखाली फवारा कमकुवत पडतो. आता जर्मनीच्या साटा कंपनीच्या साटाजेट ५००० या गनची एचव्हीएलपी (भरपूर हवा, कमी दाब) आवृत्ती घ्या. कंपनीच्या आकड्यानुसार ती २ बारला मिनिटाला ४३० लिटर हवा खाते. भरलेल्या टाकीवर तिचा ट्रिगर सलग दाबला तर चाळीस सेकंदांत खेळ संपतो. त्याच गनची आरपी (कमी हवेवर चालणारी) आवृत्ती २९० लिटर घेते, ती सत्तर सेकंद टिकते. २०० लिटर खाणारी गन अडीच मिनिटं चालते. गाडीच्या एका दाराचा एक हात मारायला ट्रिगर मिनिटभर दाबलेला राहतो, म्हणजे एचव्हीएलपीवर दार पूर्ण होण्याआधीच दाब पडणार. मेटॅलिक रंगात नेमक्या त्या जागी गडद पट्टा दिसतो, आणि तो वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, मारल्यावर जास्तच उठून दिसतो.

दुकानदार एचव्हीएलपीची शिफारस करतात ती रंग वाचतो म्हणून, आणि त्यात तथ्य आहे. या गनमध्ये एअर कॅपपाशी (गनच्या तोंडावरच्या हवेच्या टोपणापाशी) दाब ०.७ बारच्या वर जात नाही, रंग पत्र्यावर आदळून परत उडत नाही, आणि निदान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसतो. जुन्या पद्धतीच्या गनचं हेच प्रमाण ३०-४० टक्के असतं. क्लिअरचा वाळलेला थर ५० मायक्रॉन हवा आणि तयार मिश्रणात निम्मा घन भाग आहे असं धरलं, तर चौरस मीटरला १०० मिली पत्र्यावर राहायला हवं. जुन्या गनमधून त्यासाठी २८५ मिली फवारावं लागतं, एचव्हीएलपीमधून १५५ मिली. फरक मोठा आहे, पण तो पदरात पाडायला चार-पाच एचपीचा कॉम्प्रेसर लागतो आणि त्याला घरची वायरिंग पुरत नाही. घरासाठी मधला मार्ग म्हणजे कमी हवेवर चालणारी गन. तिला आरपी, एलव्हीएलपी, ट्रान्स-टेक अशी कंपनीगणिक वेगवेगळी नावं आहेत. नावाकडे लक्ष न देता मिनिटाला लागणाऱ्या हवेचा आकडा मागा. तो आकडा डब्यावर किंवा माहितीपत्रकात नसेल तर ती गन घेऊ नका.

आता एकेक प्रकार.

वीजेवर चालणाऱ्या, कॉम्प्रेसर न लागणाऱ्या गन, उदाहरणार्थ बॉशची पीएफएस ५५, या कुंपण, लाकडी फर्निचर अशा कामांसाठी बनवलेल्या आहेत. २८० वॅटच्या मोटरमधून येणाऱ्या हवेत ऑटो क्लिअर पुरेसा बारीक फुटत नाही. ट्रॉलीची चासी, मडगार्डची आतली बाजू, चाकाच्या कमानीत अंडरकोट, यासाठी ती चालेल. बॉनेटसाठी नाही.

पीक्यू-२ या नावाने हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, खाली एक लिटरचा ॲल्युमिनियमचा डबा लटकणारी गन सगळ्यात स्वस्त. ग्रिल-गेट रंगवणारे तीच वापरतात आणि सिंथेटिक इनॅमलसाठी ती ठीकही आहे. पण रंग खालून वर ओढायचा असल्याने तिला तीन-साडेतीन बार दाब लागतो. तळाशी पन्नास-शंभर मिली रंग उरला की नळी हवा ओढते आणि गन थुंकायला लागते. दार आडवं असेल, रॉकर पॅनलखाली (दाराखालच्या पट्टीखाली) वाकायचं असेल, तर गन तिरकी होऊन हेच आधी घडतं. मोटरसायकलच्या टाकीसाठी दीडशे मिली क्लिअर बनवायचं असताना ही गन हातात असणं चुकीचं आहे.

एफ-७५ पद्धतीची, वर ४०० ते ६०० मिलीचा कप असलेली देशी किंवा चिनी ग्रॅव्हिटी गन दीड-दोन हजारांच्या आत मिळते. प्रायमर आणि सर्फेसर (रंगाआधीचा जाड थर) मारायला हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सर्फेसर घासून सपाटच करायचा असतो, त्यामुळे त्याचा फवारा थोडा जाड पडला तरी काही बिघडत नाही. नोझल १.७ किंवा १.८ मिलीमीटरचं घ्या. या गनमध्ये खरी अडचण असते ती नगानगातल्या फरकाची. एकाच खोक्यातल्या दोन गनपैकी एकीचा पंखा (फवाऱ्याचा पसरट पट्टा) सरळ, दुसरीचा एका बाजूला जड, असं सर्रास दिसतं. त्यामुळे ती ऑनलाइन मागवण्यापेक्षा मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी समोर बघून घ्यावी.

बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आणि क्लिअरसाठी ॲनेस्ट इवाताची डब्ल्यू-७१, ग्रॅव्हिटी, १.३ नोझल. पाच ते दहा हजारांच्या पट्ट्यातली ही गन वर सांगितलेल्या कॉम्प्रेसरवर बसते, कारण तिची हवेची गरज २०० लिटरच्या आसपासची आहे. ती जुन्या घडणीची आहे, एचव्हीएलपी नाही, थोडा रंग जास्त उडतो. पण पंखा सारखा पडतो, सुई-नोझल-कॅपचा सेट सुटा मिळतो, आणि रंगाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात तिची ओळख असते. नकला भरपूर आहेत. बॉडीवरची कोरीव अक्षरं, एअर कॅपवरचा क्रमांक आणि नोझलवरचा आकडा जुळतो का हे बघा, आणि बिल घ्या.

साटा, डेव्हिलबिस यांच्या वरच्या श्रेणीच्या गन पाच आकडी किमतीच्या. रोज रंगकाम करणाऱ्याला त्या परवडतात, कारण रंगात आणि पॉलिशच्या वेळात पैसे वसूल होतात. वर्षातून एक-दोन पॅनल रंगवणाऱ्याने तेच पैसे कॉम्प्रेसर, हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप आणि मास्कवर घालावेत.

दुचाकीच रंगवायची असेल तर मोठी गन घेऊच नका. ०.८ किंवा १.० नोझलची, १२५-१५० मिली कपाची मिनी गन शंभर लिटरच्या आसपास हवेत चालते, म्हणजे कॉम्प्रेसरला दम लागत नाही. टाकी, साइड पॅनल, मडगार्ड, बंपरचा कोपरा यांवर तिचा अरुंद पंखाच कामाचा. बॉनेटवर मात्र तिने पट्टे पडतात. मोठ्या सपाट पत्र्यावर पुढचा पट्टा चढण्याआधीच आधीच्याची कडा वाळते.

नोझलचं गणित थोडक्यात: बेस कोट १.३, क्लिअर १.३ ते १.४, सर्फेसर १.६ ते १.८, स्प्रे लांबी (गनने मारायची पुट्टी) २.० च्या वर. एकाच १.५ च्या गनने सगळं करायचा सल्ला मिळतो. सर्फेसर त्यातून कसाबसा निघतो आणि मेटॅलिक बेस गरजेपेक्षा ओला पडून ॲल्युमिनियमचे कण ढगांसारखे गोळा होतात. दोन स्वस्त-मध्यम गन एका महाग गनपेक्षा चांगल्या, शिवाय प्रायमरचा कण क्लिअरमध्ये येत नाही.

दुकानात गन हातात घेतल्यावर आधी एअर कॅप काढा. शिंगांवरची भोकं समोरासमोर आणि सारख्या आकाराची हवीत, मधल्या गोल फटीत नोझल बरोबर केंद्रात हवं. सुई काढून काचेवर गडगडवा, वाकडी असेल तर लगेच डगमगते. ट्रिगर हळू दाबल्यावर आधी फक्त हवा आणि पुढे रंग, असे दोन टप्पे बोटाला कळले पाहिजेत. जोडायला कॉम्प्रेसर असेल तर कपात पाणी घालून वर्तमानपत्रावर १५ सेंटिमीटरवरून सेकंदभर फवारा मारा. डाग उभा, लांबट आणि दोन्ही टोकांना सारखा हवा. एका बाजूला जड दिसला तर कॅप अर्धा फेरा फिरवून परत मारा. जडपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष कॅपचा, तिथेच राहिला तर नोझल किंवा सुईचा. नव्या गनमध्ये दोन्हीही खपवून घेऊ नका.

गनइतकंच महत्त्व पाइपला आहे. कॉम्प्रेसरसोबत येणारी गुंडाळीची, आतून ५-६ मिलीमीटरची नळी टायरमध्ये हवा भरायला ठीक. दहा मीटर अशा नळीत आणि बारीक क्विक कपलिंगमध्ये बारभर दाब सहज हरवतो. रेग्युलेटरवर ३ दिसतं आणि गनपाशी पोचतात दोन किंवा त्याहून कमी. आतून ८ ते १० मिलीमीटरचा सरळ रबरी पाइप घ्या आणि दाब गनच्या दांड्यापाशी, ट्रिगर दाबलेला असताना मोजा. २ बार म्हणजे गॅरेजच्या भाषेत तीस पाउंड. पाण्याचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटवून लावला तर उपयोग होत नाही, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात पार होतं. सात-आठ मीटर पाइपनंतर, हवा थंड झाल्यावर लावा, आणि टाकीखालचा नळ काम सुरू करण्याआधी सोडा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढरट पडतो तो मात्र ट्रॅपने थांबत नाही. थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. तिथे संथ थिनर वापरायचा, किंवा काम कोरड्या दिवसावर ढकलायचं.

सेटिंगसाठी एक चाचणी पुरेशी आहे. कॅप फिरवून पंखा आडवा करा आणि कागदावर ओघळ येईपर्यंत मारा. सगळे ओघळ सारख्या लांबीचे हवेत. मधले लांब असतील तर रंग दाट आहे किंवा हवा कमी. टोकांचे लांब असतील तर हवा जास्त किंवा रंग कमी. क्लिअरचं प्रमाण बहुतेक दोनास एक हार्डनर आणि वर पाच-दहा टक्के थिनर असतं, तरी त्या डब्याच्या पत्रकात दिलेलंच पाळा. बी-फोर कपात (रंगाचा दाटपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या कपात) रंग किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजायची सवय लावा. पुण्यात मे महिन्यात आणि जानेवारीत एकाच मिश्रणाचे सेकंद वेगळे येतात. पॅनलवर हात १५ ते २० सेंटिमीटरवर, पट्टा निम्म्यावर निम्मा. मेटॅलिकचा शेवटचा हात जरा लांबून आणि तीन चतुर्थांश पट्टा चढवून.

कपात बुडबुडे उठत असतील तर नोझल सैल आहे. फवारा धडधडत तुटत येत असेल तर कपाच्या झाकणाचं भोक बुजलेलं आहे, किंवा सुईचं पॅकिंग कोरडं आहे. गोल खड्डे, म्हणजे फिशआय, यात गनचा दोष क्वचितच असतो. कॉम्प्रेसरचं तेल, टायर पॉलिशमधलं सिलिकॉन किंवा पत्र्यावरचा हाताचा घाम, यांपैकी काहीतरी असतं.

मास्कवर तडजोड नको. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. धोकादायक पातळीला त्याचा वास येतोच असं नाही, म्हणून कार्बन काडतूस संपल्याचं नाकाला कळत नाही. रुमाल आणि एन-९५ तर वाफेला अडवतच नाहीत. योग्य साधन म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, आणि ती हवा गनच्या कॉम्प्रेसरमधून घ्यायची नाही. हे जमणार नसेल तर तयारी, सर्फेसर आणि घासकाम घरी करा, आणि पॅनल क्लिअरसाठी बूथ असलेल्या गॅरेजात द्या. बहुतेक सर्फेसरही टू-के असतात, तेव्हा डब्यावर हार्डनर लिहिलंय का बघूनच हा निर्णय घ्या. बंद पार्किंगमध्ये, गॅस गिझरच्या शेजारी किंवा साध्या एक्झॉस्ट पंख्याजवळ फवारणी करू नका; थिनरची वाफ ठिणगीवर पेटते.

पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांपुरताच राखीव आहे.

गन किती वर्षं चालेल हे धुण्यावर ठरतं. टू-के रंग गनमध्ये घट्ट झाला की तो थिनरने सुटत नाही, म्हणून काम संपताच कप रिकामा करून, थिनर घालून, ट्रिगर दाबून दोन-तीन वेळा काढा. आधी सुई, मग कॅप, मग नोझल अशा क्रमाने खोला. जोडताना सुई सगळ्यात शेवटी, नाहीतर तिचं टोक नोझलची बैठक कुरतडतं. नोझल सोबत आलेल्या पान्यानेच कसा, पकडीने नाही. भोकात तार घालू नका, नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी वापरा. आख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यात पॅकिंग फुगतं आणि विरघळलेला रंग हवेच्या वाटांत जाऊन बसतो. फक्त पुढचा भाग भिजवा. सुईच्या पॅकिंगला आणि ट्रिगरच्या खिळीला सिलिकॉन नसलेलं गन ऑइल एकेक थेंब. गन घेतानाच पॅकिंगचा एक जादा संच घेऊन ठेवा. पहिल्यांदा गळायला लागतं ते तिथूनच.