टॉक्स: ऐच्छिक डिपेंडन्सी असलेल्या पॅकेजसाठी नऊ महिने वापरल्यानंतर

आमचे पायथन पॅकेज तक्त्यांतील माहिती वाचून तिचे अहवाल तयार करते. मूळ पॅकेज हलके राहावे म्हणून एक्सेल, आलेख, डेटाबेस अशा सहा सोयी आणि त्यांना लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी (डिपेंडन्सी) आम्ही ‘एक्स्ट्रा’ म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. ज्याला जी सोय हवी त्याने पॅकेजच्या नावापुढे चौकटी कंसात तिचे नाव लिहून ती पिप या पायथन पॅकेजे इन्स्टॉल करणाऱ्या साधनाकडून घ्यावी. रिलीजपूर्वीच्या तपासणीसाठी गेले नऊ महिने मी टॉक्स या, पायथन पॅकेज वेगवेगळ्या वातावरणांत तपासणाऱ्या साधनाची चौथी आवृत्ती वापरतो आहे.

टॉक्सकडे वळण्याचे कारण आमचीच एक चूक होती. एका रिलीजमध्ये एक्सेलच्या फाइलीत पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचे इम्पोर्ट (ती कोडमध्ये आणणारी ओळ) फंक्शनच्या आत न राहता अगदी वरच्या ओळीवर गेले, आणि ती फाइल पॅकेज सुरू होतानाच वाचली जात असल्यामुळे कोणतीही एक्स्ट्रा न घेणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम कोसळला. आम्हा सर्वांच्या संगणकांवर पांडाज आधीपासून असल्याने सगळ्या टेस्ट उत्तीर्ण होत होत्या. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारावर एकदा चढवलेल्या फाइलचे नाव, ती फाइल काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे ती आवृत्ती ‘यँक’ करून (म्हणजे ती सहसा निवडली जाऊ नये अशी खूण करून) नव्या क्रमांकाने रिलीज करावे लागले. वापरणाऱ्यांचा जो वेळ वाया गेला, त्याची रुखरुख मला अजून आहे.

टॉक्स प्रथम पॅकेज बांधतो, प्रत्येक वातावरणासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (इतर लायब्ररींपासून अलग अशी पायथनची जागा) तयार करतो आणि बांधलेले पॅकेज त्यात इन्स्टॉल करून मगच टेस्ट चालवतो. कोणत्या वातावरणात कोणती एक्स्ट्रा हवी, हे एका ओळीत सांगता येते. मात्र सोर्स कोड प्रकल्पाच्या मुळाशीच ठेवलेला असेल, तर टेस्ट इन्स्टॉल झालेल्या पॅकेजऐवजी नकळत तोच कोड उचलू शकतात. आम्ही कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये हलवला, त्याच दिवशी अहवालाचा एक नमुना व्हीलमध्ये (इन्स्टॉलसाठी बांधलेल्या पॅकेजच्या फाइलमध्ये) जातच नसल्याचे उघड झाले.

सहा एक्स्ट्रांच्या एकूण ६४ जोडण्या होतात आणि त्या पायथनच्या चार आवृत्त्यांवर चालवायच्या तर २५६. एवढ्या चालवणे आम्हाला परवडत नाही. आम्ही एकही एक्स्ट्रा नसलेले एक, प्रत्येक एक्स्ट्राचे एकेक आणि सर्व एकत्र असलेले एक अशी आठ वातावरणे ठेवली. या आठांत सर्वांत कमी उपयोगाचे ठरले ते सर्व एक्स्ट्रा असलेले वातावरण, कारण तिथे एकाची उणीव दुसऱ्याने आणलेल्या लायब्ररीखाली झाकली जाते. पांडाजबरोबर नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी येतेच. त्यामुळे मूळ कोड नमपायवर विसंबून असूनही डिपेंडन्सींच्या यादीत त्याचे नाव नाही, हे तिथे कधीच कळत नाही.

एक्स्ट्रा नसलेले वातावरणसुद्धा वाटते तितके रिकामे नसते, हे मला चौथ्या महिन्यात समजले. आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी आमचा कोड ‘पॅकेजिंग’ ही लायब्ररी वापरत होता, पण ती आम्ही कुठेही जाहीर केलेली नव्हती. टेस्ट तरीही उत्तीर्ण होत, कारण टेस्ट चालवणारा पायटेस्ट स्वतःच ती लायब्ररी सोबत आणतो. तेव्हापासून नववे वातावरण आले: त्यात पायटेस्टही नाही, फक्त पॅकेज इन्स्टॉल करायचे, इम्पोर्ट करायचे आणि एक छोटा अहवाल काढून पाहायचा. माझ्या मते साऱ्या मांडणीतला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

दोन गोष्टी टॉक्सच्या कक्षेबाहेरच्या आहेत, पण त्यांनी आम्हाला फार फसवले. पहिली, पायटेस्टचे ‘इम्पोर्टऑरस्किप’. लायब्ररी नसेल तर ते टेस्ट वगळते, आणि सर्व टेस्ट वगळल्या गेलेली फाइलही निकालात नापास दिसत नाही. म्हणून एक्स्ट्राच्या वातावरणात त्या एक्स्ट्राची एकही टेस्ट वगळली गेली तर निकाल नापास धरायचा, असा नियम आम्ही केला. दुसरी गोष्ट पिपची: एक्स्ट्राचे नाव चुकीचे लिहिले तर पिप केवळ इशारा छापतो आणि मूळ पॅकेज निमूटपणे इन्स्टॉल करतो. आमच्या माहितीपुस्तिकेत असे एक चुकलेले नाव कित्येक आठवडे तसेच होते.

तक्रारीही आहेत. टॉक्स बाहेरचे बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली मूल्ये) आत जाऊ देत नाही. ते योग्यच आहे, परंतु डेटाबेसच्या पत्त्याचे व्हेरिएबल ‘पासएन्व्ह’ या, आत जाऊ द्यायच्या व्हेरिएबलांच्या यादीत लिहायचे राहिले आणि त्यात माझी एक संपूर्ण दुपार गेली. वातावरणे तो पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे डिपेंडन्सीच्या नव्या आवृत्त्या आपोआप येत नाहीत. रिलीजच्या दिवशी ती ‘-आर’ देऊन नव्याने बांधावीच लागतात.

सध्या आम्ही व्हील एकदाच बांधतो, ‘इन्स्टॉलपीकेजी’ पर्यायाने तीच फाइल नऊही वातावरणांना देतो आणि सर्व उत्तीर्ण झाल्यावर तीच फाइल, पुन्हा न बांधता, पायपीआयवर चढवतो. पायटेस्ट नसलेले वातावरण आता सर्वांत आधी चालते, आणि गेल्या दोन रिलीजच्या वेळी काम तिथेच थांबले.