रिफंडच्या टक्केवारीवर रिटर्न भरून देणाऱ्यांपासून सावध राहा

पगारासोबत एखादा जोडधंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, विशेषतः कारखान्यांत काम करणाऱ्यांनी. दर जून-जुलैमध्ये गेटवर, कँटीनमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक माणूस उगवतो. फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) पाठवा, पॅन-आधार पाठवा, रिफंड काढून देतो, रिफंड आला की वीस टक्के द्या. आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत असाच एक जण बरीच वर्षं काम करत होता. त्याने माझी आणि माझ्या बरोबरच्या अनेकांची कशी फसवणूक केली ते आकड्यांसकट लिहितो. नुसतं ‘सावध राहा’ म्हणून कुणाला काही कळत नाही, आकडे पाहिले की कळतं.

माझं उत्पन्न तीन ठिकाणांहून येतं. कंपनीचा पगार. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात मंडप-डेकोरेशनची कामं, जी मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून करतो पण बिलं माझ्या नावावर असतात. आणि विमा एजन्सीचं कमिशन. २०२३-२४ या वर्षाचे कागद मी त्या माणसाला दिले तेव्हा त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. फॉर्म १६ होता, कमिशनचं स्टेटमेंट होतं, मंडपाच्या ऑर्डरची वही होती, टेम्पो भाड्याच्या पावत्या होत्या, हेल्परच्या हजेरीचे कागद होते. वहीवरून हिशेब तयार करायचे म्हणून त्याने तीन हजार रुपये वेगळे घेतले. आठवड्याभरात ‘कम्प्युटेशन’ म्हणजे उत्पन्न आणि कराचा हिशेब म्हणून छापील कागद दिला. त्यात पगार होता, मंडप होता, कमिशन होतं. मंडपाचा नफा कलम ४४एडीप्रमाणे, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्क्याने धरला आहे, कमिशन त्यातच बसवलं आहे, ज्यात बहुतेक वजावटी मिळतात त्या जुन्या करपद्धतीने हिशेब लावला आहे, त्यामुळे २९,१२० रुपये रिफंड निघतो, असं त्याने समजावून सांगितलं. ओटीपी मागितला. दीड महिन्यात खात्यावर पैसे आले. त्याने आपले वीस टक्के, म्हणजे ५,८०० च्या वर रक्कम, त्याच दिवशी वसूल केली.

तो छापील कागद आणि प्रत्यक्षात भरलेलं रिटर्न यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

हे उघड झालं ते बँकेत. २०२५ च्या पावसाळ्यात स्टेजचं नवं साहित्य घेण्यासाठी मुद्रा कर्जाचा अर्ज केला. बँकेने रिटर्नची पूर्ण प्रत मागितली, ती काढली, आणि अधिकारी म्हणाले, “साहेब, यात धंदा कुठे आहे? हा तर आयटीआर-१ आहे.” आयटीआर-१ मध्ये धंद्याचं उत्पन्न दाखवायची सोयच नाही. पगार, बँकेचं व्याज, घर, बस्स. पुढे वजावटींच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं: राजकीय पक्षाला देणगी ५५,००० रुपये, कलम ८०जीजीसी. मी आजवर कुठल्याही पक्षाला एक रुपया दिलेला नाही. कर्ज अर्थातच नामंजूर झालं, कारण सरकारी कागदावर माझा मंडपाचा धंदा अस्तित्वातच नव्हता. त्या हंगामात स्टेजचं साहित्य भाड्याने आणून कामं केली आणि नफ्यातला मोठा वाटा तिकडे गेला.

आता त्याने काय केलं होतं ते पाहा. पगार ७,८०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले, राहिले ७,२७,५००. बँकेचं व्याज १२,०००, म्हणजे ७,३९,५००. इथून पुढे त्याची कारागिरी. ८०सी खाली माझे पीएफ आणि विम्याचे मिळून १,१२,००० होते, त्याने सरळ मर्यादेचे १,५०,००० टाकले. मेडिक्लेमचे ११,००० भरले होते, त्याने २५,००० लिहिले. बचत खात्याच्या व्याजाचे १०,०००. आणि शेवटी देणगीचे ५५,०००. उत्तर येतं ४,९९,५००. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट मिळते आणि कर शून्य होतो. म्हणजे देणगीचा आकडा पाच लाखांच्या आत आणण्यासाठी मागून बसवलेला होता. कंपनीने पगारातून कापलेला सगळाच्या सगळा २९,१२० रुपये टीडीएस परत. त्याचा मेहनताना रिफंडवर ठरलेला असल्यामुळे रिफंड जितका मोठा तितका त्याचा फायदा, आणि रिटर्नवर नाव मात्र माझं.

बरोबर हिशेब काय होता तो मला मिरजेच्या एका सीए बाईंनी कागदावर मांडून दाखवला. पगार आणि जोडधंदा दोन्ही असलेल्यांनी तो नीट बघावा.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती कलम ४४एडीची. छोट्या धंद्याला उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून कर भरता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच कलमात लिहिलं आहे की कमिशन किंवा दलाली कमावणाऱ्या व्यक्तीला ते लागू होत नाही. माझं विम्याचं कमिशन असल्यामुळे मंडपालाही ती सोय मिळत नव्हती. ‘कमिशन त्यातच बसवलं’ हे त्या माणसाचं वाक्यच मुळात खोटं होतं. खरा जमाखर्च दाखवून आयटीआर-३, म्हणजे धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांचा फॉर्म, भरायला हवा होता. उत्पन्न आणि उलाढाल लहान असेल तर त्यासाठी ताळेबंदाचा मोठा पसारा लागत नाही. एकूण जमा, खर्च आणि निव्वळ नफा एवढं दिलं तरी चालतं. माझ्या वहीत ते सगळं होतं.

मंडपाची जमा ६,५०,०००, खर्च ४,९०,०००, नफा १,६०,०००. कमिशन १,१०,०००, पेट्रोल-फोनचा खर्च २२,०००, राहिले ८८,०००. पगार प्रमाणित वजावटीनंतर ७,३०,०००. व्याज १२,०००. एकूण ९,९०,०००. त्या वर्षापासून नवी करपद्धती आपोआप लागू झाली होती. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी पद्धत हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि माझ्या नावाने तो भरलेलाच नव्हता. नव्या पद्धतीत पहिल्या तीन लाखांवर शून्य, पुढच्या तीन लाखांवर पाच टक्के म्हणजे १५,०००, त्यापुढच्या तीन लाखांवर दहा टक्के म्हणजे ३०,०००, उरलेल्या ९०,००० वर पंधरा टक्के म्हणजे १३,५००. एकूण ५८,५००, त्यावर चार टक्के सेस २,३४०, असे ६०,८४० रुपये. कंपनीचा टीडीएस २९,१२० आणि कमिशनवर कापलेला ५,५०० मिळून ३४,६२० जमा होते. म्हणजे मला रिफंड मिळायचाच नव्हता, उलट २६,२२० रुपये भरायचे होते.

इथे सगळ्यांनी थांबून विचार करावा. कंपनी फक्त पगार बघून कर कापते. वर धंद्याचा नफा येऊन बसला की एकूण उत्पन्न वरच्या टप्प्यात सरकतं आणि त्या नफ्यावरचा कर जवळजवळ पूर्णच आपल्याला भरायचा राहतो. म्हणून नफ्यातला जोडधंदा दाखवूनही मोठा रिफंड निघतो असं कुणी सांगितलं, तर त्याने एक तर धंदा गाळलेला असतो नाही तर वजावटी फुगवलेल्या असतात. सध्या ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं, तिथेही हाच घोटाळा होईल. २०२५-२६ साठी पगार अकरा लाख असेल तर प्रमाणित वजावटीचे ७५,००० वजा जाऊन १०,२५,००० राहतात आणि कर शून्य येतो. त्यात धंद्याचा तीन लाख नफा मिळवला की १३,२५,००० होतात, सूट जाते आणि सेससह ८१,९०० रुपये कर बसतो. शिवाय टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला आगाऊ भरत जायचा असतो, नाही तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं. कंपनीला आपलं इतर उत्पन्न लेखी कळवून पगारातूनच जादा टीडीएस कापून घेता येतो. मी आता तेच करतो, फार सोयीचं आहे.

बँकेतून आल्यावर आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर आधार ओटीपीने पासवर्ड बदलून आत गेलो. प्रोफाइलमध्ये ईमेल माझा नव्हता, मोबाइल नंबरही माझा नव्हता. दोन्ही त्याचे. खात्याकडून येणारं प्रत्येक पत्र त्याच्याकडे जात होतं आणि तिथेच राहत होतं. हा प्रकार एकट्या सांगलीचा नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी बोगस वजावटींबद्दल तपासणी केली. त्या वेळी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हेच सांगितलं होतं की हे एजंट तात्पुरते ईमेल काढून ढिगाने रिटर्न भरतात, मग ते ईमेल सोडून देतात आणि नोटिसा न वाचलेल्या पडून राहतात. खोटे दावे मागे घेऊन सुधारित विवरणं भरणारे त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदाते होते, असंही त्याच पत्रकात होतं.

कंपनीत विचारपूस सुरू केली तेव्हा अंगावर काटा आला. एकाच्या नावावर शैक्षणिक कर्जाचं व्याज, मुलं अजून शाळेत. एकाच्या रिटर्नमध्ये घरभाडं, तो वडिलोपार्जित घरात राहतो. आणि वेल्डिंग विभागातल्या एका धडधाकट माणसाला कलम ८०यू खाली दिव्यांग दाखवलेलं होतं. त्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्याची बहीण जन्मापासून चालू शकत नाही. तिचं प्रमाणपत्र मिळवताना घरच्यांनी काय सोसलं ते तो जाणतो, आणि तीच सवलत त्याच्या नावावर चोरली गेली होती. याचा मला आजही राग आहे.

त्या माणसाला फोन केला तेव्हा आधी ‘पोर्टलचा एरर असेल’, मग ‘सगळेच असं करतात, पैसे आले तेव्हा बरं वाटलं ना’, आणि मग फोन बंद. तो सीए नव्हता. सीए असेल तर इन्स्टिट्यूटचा सदस्य क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. याच्याकडे फक्त लेटरहेड होतं.

दुरुस्तीचा मार्ग निघाला तो अद्ययावत विवरणाचा, ज्याला आयटीआर-यू म्हणतात. त्याची किंमत मोठी आहे. भरायचे राहिलेले २६,२२० आणि चुकीने आलेला रिफंड २९,१२० मिळून ५५,३४०, त्यावर व्याज, आणि या सगळ्यावर पंचवीस टक्के जादा कर. नुसत्या मूळ रकमेवरच तो १३,८३५ होतो. हा पंचवीस टक्क्यांचा दर कर-निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांसाठी आहे. दुसऱ्या वर्षी पन्नास, तिसऱ्या वर्षी साठ, चौथ्या वर्षी सत्तर टक्के. त्या माणसाने आधीच्या वर्षाचंही रिटर्न असंच भरलं होतं, तिथे मला पन्नास टक्के द्यावे लागले. घरातली एक ठेव मोडली. तरीही सीए बाईंचं म्हणणं पटलं. खात्याने आधी पकडलं असतं तर उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल कलम २७०ए खाली त्या कराच्या दोनशे टक्के दंड बसू शकतो, आणि ‘एजंटने केलं’ एवढ्याने सुटका होत नाही. त्या वर्षाची छाननी सुरू झाली की आयटीआर-यूचं दारही बंद होतं.

म्हणून कुणाकडूनही रिटर्न भरून घेतलं असेल तर आज रात्रीच पोर्टल उघडा. प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल आपला आहे का बघा. मग भरलेल्या रिटर्नची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या, एक पानाची पोचपावती पुरेशी नाही. पोचपावतीवर फॉर्मचा क्रमांक मात्र असतो; धंदा असून तिथे आयटीआर-१ दिसला तर तिथेच समजा. पूर्ण प्रतीत वजावटींचं पान वाचा आणि प्रत्येक रकमेची पावती आपल्याकडे आहे का तपासा. एआयएस (आपल्या उत्पन्नाची आयकर खात्याकडे असलेली वार्षिक माहिती) उघडून कमिशन, व्याज, टीडीएस जुळवा. ओटीपी देण्याआधी हीच पीडीएफ मसुदा म्हणून मागा. जो मसुदा दाखवायला टाळाटाळ करतो किंवा फी रिफंडच्या टक्क्यात सांगतो, त्याला फॉर्म १६ देऊ नका.

आम्ही काही जणांनी मिळून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. सोबत त्याने दिलेला खोटा कम्प्युटेशनचा कागद, प्रत्यक्ष भरलेलं रिटर्न, त्याला यूपीआयने दिलेल्या पैशांचे पुरावे आणि ओटीपी मागितलेले व्हॉट्सअॅप मेसेज जोडले. ज्यांनी रोख पैसे दिले त्यांच्याकडे दाखवायला फार थोडं आहे. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर रागाच्या भरात डिलीट करू नका. तपास चालू आहे. तो माणूस मात्र यंदाही दुसऱ्या एका औद्योगिक वसाहतीत कागद गोळा करताना दिसला, असं तिथल्या ओळखीच्यांनी कळवलं आहे.