रिकव्हर, रिगेन की रिट्रीव्ह?

मराठीत 'परत' हा एक शब्द हाताशी असला की काम भागतं. चोरीला गेलेली गाडी परत मिळते, हरपलेली शुद्ध परत येते, हातचा गेलेला किल्ला परत घेतात. इंग्रजीत अर्ज लिहायला बसलं की मात्र इथंच पेन थांबतं. रिकव्हर, रिगेन, रिट्रीव्ह, रिक्लेम, रिकूप. शब्दकोशात बघावं तर प्रत्येकासमोर थोड्याफार फरकानं तोच अर्थ. मी कोल्हापुरात लोकांचे अर्ज आणि भाषांतरं करतो, त्यामुळे ही निवड मला आठवड्यातून दोनदा तरी करावी लागते.

शेवटचे दोन आधी बाजूला ठेवतो. रिकूप म्हणजे घातलेले किंवा बुडालेले पैसे भरून काढणं. पैशाबाहेर तो सहसा जात नाही. रिक्लेममध्ये हक्क सांगणं आहे, शिवाय समुद्र हटवून केलेल्या जमिनीलाही तोच शब्द लागतो, मुंबईचं बॅकबे रेक्लमेशन त्यातलंच.

रिगेन मला मनापासून आवडतो, पण तो वस्तूंचा शब्द नव्हे. ताकद, आत्मविश्वास, शुद्ध, ताबा, अशा गोष्टींना तो शोभतो. 'मोबाइल रिगेन केला' असं कुणी लिहून आणलं की मी खोडतो. पन्हाळ्याचं उदाहरण घ्या. सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर १६६० मध्ये गड हातचा गेला आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठेक मावळ्यांनिशी रात्री चढून तो परत घेतला. इथं रिगेन बसतो, कारण गडावरचा ताबा परत आला. चढाई दाखवायची असेल तर मी रिकॅप्चर लिहीन.

खरी अडचण रिकव्हर आणि रिट्रीव्हमध्ये आहे. दोन्ही वस्तूंना चालतात, आणि बरीच वर्षं मीही हाताला येईल तो लिहीत होतो. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत.

त्या महापुरात मामांचं शिलाईचं दुकान पाण्यात गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि उतरायला दिवस लागले. शटर उघडलं तेव्हा आत घोट्याएवढा गाळ होता. दोन मशीनं आम्ही हातानं उकरून बाहेर काढली. पायडलच्या सांध्यात चिखल घट्ट बसलेला, मोटरमधून पाणी गळत होतं. मामा म्हणाले, "मशीन घावलं रे, पण आता त्याचा उपयोग काय?"

विम्याचा अर्ज मी लिहिला. दोन मशीनं 'रिकव्हर्ड' झाली, असं त्यात टाकलं. माझ्या मनात 'गाळातून काढली' एवढंच होतं. तीन आठवड्यांनी उलट पत्र आलं: मशीनं रिकव्हर झाली असतील तर त्यांचा दावा कशासाठी? चूक त्यांचीच होती असं मी म्हणणार नाही. आजारी माणूस रिकव्हर होतो म्हणजे बरा होतो. कायद्याच्या भाषेत नुकसान रिकव्हर झालं म्हणजे भरपाई हातात पडली. बँकेची रिकव्हरी म्हणजे वसुली. वाचणाऱ्यानं यातला कुठलाही अर्थ घेतला तरी मामांचं नुकसान भरून निघालेलं होतं. खुलासे आणि फोटो देण्यात दिवाळी गेली, आणि तोवर मामा उसन्या मशीनवर शिवत होते. त्याची बोच अजून जात नाही.

रिट्रीव्हमध्ये हा धोका मला कमी वाटतो. त्याचं मूळ फ्रेंचमध्ये आहे, अर्थ 'पुन्हा शोधणं', आणि इंग्रजीत तो आधी शिकारी कुत्र्यांसाठी वापरला गेला. रिट्रीव्हर जातीचं नाव त्यातूनच आलं. कुत्रं पाण्यातून पक्षी उचलून आणतं. पक्षी जिवंत असल्याची हमी त्यात नाही. वस्तू होती तिथून आणली, एवढंच तो शब्द सांगतो. तिची अवस्था आपण पुढे वेगळी लिहायची.

दुसऱ्याला वेगळा अनुभव आला असेल, आणि रिकव्हर चुकीचा आहे असंही नाही. दुरुस्त होऊन चालू झालेल्या वस्तूला तो रिट्रीव्हपेक्षा नेमका बसेल. पण पुरातली, आगीतली, अडगळीतली वस्तू असेल तर मी आता डोळे झाकून 'रिट्रीव्ह्ड फ्रॉम फ्लडवॉटर, नॉट इन वर्किंग कंडिशन' अशाच घाटाचं वाक्य लिहितो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा शेजारच्या तिघांचे अर्ज याच शब्दांत गेले, आणि त्या शब्दावरून एकालाही उलट पत्र आलं नाही.

चोरीची गाडी सापडल्याचा कागद असेल तर मात्र रिकव्हर्डच ठेवा. मराठी बातमीत जसं 'मुद्देमाल हस्तगत', तसा पोलिसांकडे तो शब्द रुळलेला आहे. तिथं रिट्रीव्ह लिहिलंत तर तोच खोडून परत लिहायला लावतील.