१९७५ सालचा म्हणून घेतलेला पुअर चहा

चीनमधल्या ग्वांगचौच्या फांगत्सुन चहाबाजारात ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पुअर चहाच्या, म्हणजे युन्नान प्रांतातल्या दाबून ठेवलेल्या चहाच्या, दोन चकत्या ९,००० युआनला घेतल्या. आपले लाखावर रुपये झाले. चहा १९७५ सालचा असल्याचं दुकानदाराने सांगितलं होतं. तो तसा नव्हता. व्यापारी प्रदर्शनासाठी आपले बरेच जण तिकडे जातात आणि हल्ली जुना चहाही घेऊन येतात, म्हणून घडलं ते लिहितो आहे.

मी दहाएक वर्षं पुअर पितो. पण तो शू, म्हणजे पिकवलेला. युन्नानच्या मोठ्या पानांच्या ढिगावर पाणी मारून, झाकून, दीड-दोन महिने तो आतल्या आत तापू देतात. ही रीत १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली, तीच मुळी जुन्या चहाची चव लवकर मिळावी म्हणून. शंग म्हणजे कच्चा. तो उन्हात वाळवून, वाफ देऊन, दाबून ठेवतात आणि मग तो लोणच्यासारखा वर्षानुवर्षं मुरत जातो. नवा असताना कडू-तुरट लागतो. तीस-चाळीस वर्षांनी तोच मऊ होतो, कापराची आणि जुन्या लाकडी कपाटाची आठवण देतो. तशा मुरलेल्या शंगचा एक पेला मी पूर्वी एकदाच प्यायलो होतो. ती चव डोक्यातून गेली नव्हती.

दुकानदाराने बसवलं, पाणी उकळायला ठेवलं आणि पहिला प्रश्न माझ्या जन्मवर्षाचा विचारला. १९७५ म्हटल्यावर तो म्हणाला, "सशाचं वर्ष! यंदाही सशाचंच आहे." तिथे वय विचारण्यात कुणाला वावगं वाटत नाही, त्यामुळे मलाही काही खटकलं नाही. त्याने ट्रेवर मोडून ठेवलेल्या चकतीतून चहा करून दिला. चहा खरोखर सुंदर होता: लालसर, पारदर्शक, गिळल्यावर घशात रेंगाळणारा. मग कपाटातून त्याने बंद चकत्या काढल्या. पिवळट पडलेला कागद, लाल अक्षरांच्या वर्तुळात हिरवं 'छा', म्हणजे 'चहा' हे चिनी अक्षर. "हा ७५४२," क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवत तो म्हणाला, "७५. तुमचंच वर्ष." ते ऐकल्यावर मी भाव करायचंही सोडून दिलं.

फोशानमध्ये एक वयस्कर गृहस्थ आम्हाला झिप पुरवतात. दोन दिवसांनी मोठ्या कौतुकाने एक चकती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कडेने सुई घालून तुकडा काढला, हुंगला आणि काही न बोलता पाणी ओतलं. पहिलं पाणी फेकलं. दुसरं काळपट, गढूळ. वास पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट. त्याच पानांवर पाचव्यांदा ओतलेल्या पाण्याला रंगच उरला नाही. मुरलेला चांगला शंग दहा-बारा पाणी सहज झेलतो.

मग त्यांनी चोथा बशीत पसरला. मला वाटतं, सगळ्यात जास्त तेव्हाच शिकलो. नीट मुरलेलं पान तपकिरी असतं, भिजलं की उलगडतं, बोटांत लवचीक लागतं. आमची पानं काळी, कडक, जळक्यासारखी. दाबली की त्यांचा चुरा होत होता. त्या गृहस्थांच्या मते चहा फार तर दहा वर्षांचा, थोडा ढिगात पिकवलेला आणि नंतर ओलसर गोदामात ठेवलेला. रंग जुन्यासारखा येतो, चव येत नाही.

आकड्याचा अर्थही त्यांनीच सांगितला. ७५ हे ते मिश्रण ठरवल्याचं वर्ष, ४ ही पानाची प्रत, २ म्हणजे मंगहायचा कारखाना. १ असता तर कुनमिंग, ३ असता तर शियाक्वान. चहा कधी दाबला याच्याशी या आकड्यांचा संबंध नाही. आज तयार होणाऱ्या चकतीवरही ७५४२च छापलेलं असतं. आणि हिरव्या 'छा'चा तो जुना कागद अनेक कारखान्यांनी वर्षानुवर्षं वापरला, त्यावर तारीख नसायची.

मी परत दुकानात गेलो. तो रागावला नाही की नाकबूलही झाला नाही. म्हणाला, साठवण वेगळी, म्हणून चव वेगळी. बिलावर लिहिलं होतं 'पुअर, २ नग'. साल नव्हतं. दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, सर, कागदावर काहीच नाही, चला. पैशांइतकंच मला हे लागलं, की त्याने दिलेला पहिला पेला खरा होता. त्याच्याकडे चांगला चहा होता आणि चांगला चहा काय असतो हे त्याला कळत होतं.

आता कुठेही गेलो तरी मोडून ठेवलेल्या चकतीचा चहा पिऊन निर्णय घेत नाही. जी घ्यायची तीच फोडायला लावतो, तेवढ्या तुकड्याचे पैसे वेगळे देतो, किमान सहा पाणी बसून पितो आणि चोथा हातात घेतो. बिलावर साल आणि कारखाना लिहून मागतो. बहुतेक दुकानदार तिथेच साल लिहायला नकार देतात, मग मी उठतो.

त्या गृहस्थांनी निघताना त्यांच्या जुन्या शंगचा चोथा वाळवून दिला होता. माझ्या चकतीचाही मी वाळवून ठेवला. दोन काचेच्या बरण्या आहेत. ओळखीतलं कुणी ग्वांगचौला निघालं, की दोन्हींतली चार-चार पानं बशीत भिजवून त्यांच्या हातात देतो.