पत्तादाचा चाकू आणि कोकणातला पाऊस: दहा महिने वापरून

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे मिलानला गेले होते. तिथून आम्ही दोघी आठवडाभर इटलीच्याच सार्डिनिया बेटावर जाऊन आलो. येताना तीन वस्तू आणल्या: पत्तादा गावचा घडीचा चाकू, फ्लुस्सिओ गावची टोपली आणि सामुगेओ गावच्या मागावरचा एक उशीचा अभ्रा. तिन्ही रत्नागिरीच्या घरात रोज डोळ्यासमोर आहेत. लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त चाकूबद्दल आहे.

खरं तर चाकू दोन आणले. पहिला समुद्रकाठच्या एका दुकानातून, २५ युरोला, ‘अस्सल पत्तादा’ असं सांगून दिलेला. दिवाळीपर्यंत त्याचं पातं सांध्यात खुळखुळायला लागलं आणि मूठ शिंगाची नसून प्लास्टिकची निघाली. पत्तादा हे आता चाकूच्या आकाराचंच नाव होऊन बसलंय. तो आकार कुठल्याही कारखान्यात निघतो आणि बेटावरच्या दुकानांत येऊन बसतो. पाट्या वाचून खरेदी करायची सवय असेल तर इथे फसाल.

दुसरा प्रत्यक्ष पत्तादात घेतला. गाव बेटाच्या उत्तर भागात, सासारी जिल्ह्यात, डोंगरावर. या बेटावर माणसं सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्याच्या दुपटीकडे झुकणाऱ्या, त्यामुळे चाकू हा मुळात धनगराचा. पाव कापायचा, पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज कापायचं, मेंढी सोलायची, काठी तासायची, सगळं त्यानंच. सार्डिनियन भाषेत त्याला ‘रेसोल्झा’ म्हणतात. पातं लांबट, निमुळतं, मिर्टल नावाच्या तिथल्या झुडपाच्या पानासारखं. दक्षिणेकडच्या आर्बुस गावच्या चाकूचं पातं याउलट पोट सुटल्यासारखं रुंद. गुस्पिनीच्या चाकूला तर टोकच नाही, तो खाणीतल्या मजुरांचा.

कारागिराची खोली आपल्या लोहाराच्या भट्टीएवढीच, फक्त भाता विजेचा. आम्ही गेलो तेव्हा ते मेंढ्याचं शिंग जाळावर धरून होते. जळक्या केसांसारखा वास सगळीकडे भरलेला. शिंग मऊ झालं की शिकंज्यात दाबून सरळ करायचं, मग ते कितीतरी दिवस नुसतं ठेवून द्यायचं. त्या शिंगाच्या दोन फाकांमध्ये लोखंडाची कमानदार पट्टी, आरपार रिव्हेट, आणि पात्याच्या बाजूला पितळेचं कोरलेलं कडं. बस्स, एवढाच चाकू. स्प्रिंग नाही, खटका नाही. पातं उघडं राहतं ते सांध्याच्या घट्टपणावर. कारागिरानं पन्नासएक वेळा उघडमीट करून कानाशी धरून ऐकलं आणि नकारार्थी मान हलवून रिव्हेटवर हातोडीचा एकच हलका ठोका दिला. मग पुन्हा ऐकलं. तो ठोका मी अजून विसरले नाही.

किंमत सेंटीमीटरवर. फूटपट्टी लावून हिशेब सांगितला आणि लेकीनं पैसे दिले. रुपयांतला आकडा घरात अजून पूर्ण कुणाला सांगितलेला नाही. चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, म्हणून घेणाऱ्यानं देणाऱ्याला एखादं नाणं द्यायचं, असा तिकडे रिवाज. मी लेकीच्या हातावर पाच सेंट ठेवले. आपल्याकडे मीठ हातावर देत नाहीत तसंच हे.

आता वापर. पातं कार्बन स्टीलचं, न गंजणारं नव्हे. धार अशी की पिकलेला टोमॅटो नुसतं पातं टेकवलं तरी चिरला जातो, आणि ती धार घरच्या निसण्यावर दहा मिनिटांत परत येते. विजेवर फिरणाऱ्या धारेच्या चाकावर धार लावू नका, पात्याचं पाणी उतरेल, हे कारागिरानं दोनदा बजावलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात लिंबू कापलं आणि पातं निळं-जांभळं झालं. मला वाटलं बिघडला. तसं नव्हे. आंबटाशी लोखंडाची गाठ पडली की त्यावर असा थर येतो, आणि तो थरच पुढे पात्याला गंजापासून थोडाफार वाचवतो. मार्चमध्ये कैऱ्या, मे महिन्यात रातांबे. आता पातं पूर्ण करडं आहे. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या विळीचं पातं असंच होतं गं, तुम्ही स्टीलची आणलीत तेव्हापासून विसरलात.” फक्त रातांबे कापून पातं न पुसता तासभर ओट्यावर राहिलं तर लाल डाग पडतो आणि फळाच्या पुढच्या फोडीला लोखंडाची चव येते. धुऊन, लगेच पुसून, कोरडा. यात सूट नाही.

एक अपघात माझ्या आगाऊपणामुळे. खोबरं करवंटीतून सोडवायला टोक घातलं आणि उचकटलं. खटका नसल्यामुळे पातं मिटलं ते माझ्या तर्जनीवर. तीन टाके. हा चाकू कापण्यासाठी आहे, उचकटण्यासाठी नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तर विचारच करून घ्यावा.

तेलाचाही घोळ घातला. सांध्यात खोबरेल सोडलं, दोन महिन्यांत ते चिकट होऊन पातं उघडेना. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि काम झालं. शिंगाला मात्र खोबरेल छान मानवतं, बोटानं चोळलं की आतल्या मधाच्या रंगाच्या रेषा वर येतात.

टोपलीबद्दल थोडंसं. फ्लुस्सिओ हे बोझाजवळचं गाव, तिथल्या बायका अस्फोडेल नावाच्या रानफुलाचे दांडे वसंतात कापतात, चिरतात, वाळवतात आणि विणताना परत ओलवतात. आपली दुरडी उभ्या-आडव्या पट्ट्यांची. ही तशी नाही: आत गवताची दोरीसारखी जुडी गोल फिरवत न्यायची आणि चिरलेल्या पट्टीनं ती मागच्या फेऱ्याला शिवत जायची. नवरीच्या सामानात या टोपल्या जायच्या, म्हणून काळ्या-लाल नक्षीची हौस. मी ती ‘खराब होईल’ म्हणून कपाटावर ठेवली आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काढली तर हिरवट बुरशी. उन्हाची वाट बघत बसले, शेवटी गॅसजवळ सुकवून ब्रशनं झाडली. आता तिच्यात भाकऱ्या ठेवते, रोज हात लागतो, रोज चुलीची ऊब लागते, पुन्हा बुरशी नाही.

अभ्र्यावरचं विणकाम ‘पिबियोनेस’ म्हणजे द्राक्षाचे मणी. आडवा धागा सळईवर उचलून छोटे फुगीर टाके काढतात, मग फणी ठोकतात. सुरेख आहे, पण आमच्या मांजरीनं दोन मणी ओढून काढले. मांजर असेल तर भिंतीवरच लावा.

या नक्ष्या आज जितक्या नीटस दिसतात त्यामागे १९५७ साली प्रादेशिक सरकारनं काढलेली ‘इझोला’ ही हस्तकलेची संस्था आणि तिचं काम घडवणारे शिल्पकार एउजेनिओ ताव्होलारा आहेत. त्यांनी गावोगावच्या कारागिरांना जुन्याच हातोटीनं नव्या घरांत शोभतील अशा वस्तू करायला लावल्या. आमचा अभ्रा सोफ्यावर परका वाटत नाही त्याचं कारण बहुधा तेच.

कुणी जाणार असाल तर: चाकू चेक-इन बॅगेतच टाका, आणि इटलीत कारणाशिवाय खिशात घेऊन फिरू नका, कायद्यात बसत नाही. पाळीव मेंढ्याचं शिंग मागा. म्हशीच्या शिंगाची काळी मूठही मिळते, ती स्वस्त पडते आणि पाहायला गंभीर दिसते, पण ती घेण्यासाठी रत्नागिरीहून तिकडे जाण्यात काय मजा?

सध्याची अडचण एकच. पाऊस लागल्यापासून शिंग फुगलंय आणि एका बाजूची फाक लोखंडी कमानीपासून कागदाएवढी सुटलीय. फोटो काढून लेकीला पाठवला, तिनं कारागिराला. त्यांचा निरोप आला: कशानं चिकटवू नका, ठोकू नका, हवा कोरडी होऊ दे, शिंग आपलं आपण जागेवर येईल. आज जुलैची अठरा तारीख आहे आणि बाहेर सकाळपासून धो धो चाललाय.